तट्ट्याच्या भिंतीपलीकडचे आवाज

माझी आजी माहेरची वळिवड्याची. कोल्हापूरच्या पूर्वेला, मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, पंचगंगेच्या काठी हे गाव आहे. दूध मापून देताना ती कधी कधी ‘म्लेको, म्लेको’ असे म्हणत असे आणि आम्ही नातवंडे त्याला तिचा स्वतःचा लाडका शब्द समजत होतो. आजी २०११ मध्ये गेली. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये वळिवड्यात पोलिश निर्वासितांच्या स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले. त्या निमित्ताने जे काही वाचायला मिळाले ते मी वाचू लागले आणि म्लेको म्हणजे पोलिश भाषेत दूध, हे मला तेव्हा कळले. आजीच्या माहेरी म्हशी होत्या आणि कॅम्पात दूध घालायला ती वडिलांबरोबर जात असे, एवढेच आईला ठाऊक होते. सात-आठ वर्षांच्या मुलीने एका परक्या बाईकडून ऐकलेला शब्द सत्तर वर्षे जिभेवर राहिला आणि त्याचा अर्थ घरात कोणी विचारला नाही, ही गोष्ट माझ्या मनातून जाईना. तीन वर्षे चाललेल्या माहितीपटाची सुरुवात त्या शब्दापासून झाली.

मागचा इतिहास थोडक्यात सांगणे भाग आहे. १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत सैन्य पूर्व पोलंडमध्ये शिरले आणि १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत तिथल्या कुटुंबांना हद्दपार करण्याची पहिली मोठी मोहीम झाली. घर आवरायला मिळालेल्या अपुऱ्या वेळात हाताला लागेल ते घेऊन ही माणसे गुरांच्या वाघिणींत चढवली गेली आणि आर्खांगेल्स्क, सैबेरिया व पुढच्या मोहिमांत कझाकस्तानपर्यंत पोहोचवली गेली. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यानंतर, ३० जुलै १९४१ रोजी पोलंडचे परागंदा सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, या लोकांना मोकळीक मिळाली आणि जनरल आंदेर्स यांच्या पोलिश सैन्याच्या मागोमाग ती दक्षिणेकडे निघाली. १९४२ मध्ये एक लाखाहून अधिक पोलिश माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. पुरुष सैन्याबरोबर पुढे युद्धावर गेले. बायका, मुले आणि म्हातारी माणसे ठिकठिकाणच्या छावण्यांत विखुरली. नवानगरच्या (आजच्या जामनगरच्या) जामसाहेबांनी बालाचडी येथे मुलांना आश्रय दिला, त्यानंतर १९४३ मध्ये वळिवड्याजवळ मोठी वसाहत उभी राहिली आणि तिथे सुमारे पाच हजार माणसे १९४८ च्या सुरुवातीपर्यंत राहिली. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता, नाटके होत, बालवीरांची पथके होती. ते स्वतः या जागेला छावणी म्हणत नसत, ‘ओशेद्ले’ म्हणत, म्हणजे वस्ती. गावाच्या तोंडी मात्र तो आजतागायत ‘कॅम्प’च आहे.

मी पेशाने ध्वनिमुद्रक आहे. इतरांच्या चित्रपटांसाठी आवाज गोळा करण्यात माझी पंधरा वर्षे गेली आहेत, स्वतःचा चित्रपट मी कधी केला नव्हता. त्यामुळे पहिला मसुदा मी सर्वांना परिचित असलेल्या रीतीने केला. जुनी छायाचित्रे, जाणकारांच्या मुलाखती, वर एक धीरगंभीर निवेदन. वीस मिनिटांचे जुळवलेले तुकडे मी चार-पाच वेळा पाहिले आणि प्रत्येक वेळी मला वाटले की, या पडद्यावरून काहीतरी निसटते आहे. छायाचित्रांत मुले हसतात, केसांना मोठे फितीचे फूल बांधलेल्या मुली रांगेत उभ्या आहेत, पाठीमागे कौलारू बराकी आहेत. मुलांचे ते हसू खोटे नव्हते. वळिवड्यातले दिवस सुखाचे होते, असे त्या मुलांनी मोठेपणी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. तरीही, नवरा इटलीत लढतो आहे, सासू कझाकस्तानात पुरली आहे आणि युद्ध संपल्यावर आपले गाव नकाशावर दुसऱ्याच देशात गेले आहे, असे सगळे एकदम वाट्याला आलेली आई त्या छायाचित्रांत कुठेच नव्हती. छायाचित्र काढताना ती बाजूला उभी राहिली असणार, असे मला सारखे वाटत राहिले.

दुसरी उणीव अधिक गंभीर होती आणि ती मला एका कापड दुकानदाराने दाखवली. पोलिश लोक गेले आणि १९४८ मध्ये त्याच बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबे राहायला आली. त्या वस्तीचे नाव गांधीनगर. आज पश्चिम महाराष्ट्रातील आणि सीमाभागातील माणसे लग्नाचा बस्ता बांधायला ज्या गांधीनगरला येतात ते हेच. माझा मसुदा पोलिश गाडी स्टेशनातून सुटते तिथे संपत होता. त्या गृहस्थांनी तो पाहिला आणि शांतपणे विचारले, ‘ताई, त्यानंतर खोली रिकामीच राहिली का? आमची आजी आत आली तेव्हा भिंतीला काजळी होती. आधी तिने ती काजळी पुसली, मग चूल पेटवली.’ त्या रात्री मी वीस मिनिटांचा तो मसुदा बाजूला ठेवला. एका चुलीची काजळी दुसऱ्या बाईने पुसली, या एका कृतीत मला हवा असलेला सगळा चित्रपट होता आणि तिचे छायाचित्र कुठेही असण्याची शक्यता नव्हती.

म्हणून मी स्वतःला काही बंधने घालून घेतली. पडद्यावर कोणाचाही चेहरा येणार नाही, एकही जुने छायाचित्र येणार नाही, निवेदक असणार नाही. माणसे आपापल्या भाषेत बोलतील. पोलिश, सिंधी आणि वळिवड्याची मराठी अशा तीन भाषा एकमेकींच्या शेजारी राहतील आणि मराठी उपशीर्षके बोलणे संपल्यावर, काळ्या पडद्यावर येतील, म्हणजे प्रेक्षकाने आधी केवळ आवाज ऐकावा आणि नंतर अर्थ वाचावा. ही मांडणी कष्टाची आहे, याची मला कल्पना होती. पण आजी ‘म्लेको’ म्हणत होती तेव्हा आम्हीही तेच अनुभवत होतो, आधी आवाज आणि फार उशिरा अर्थ.

ऐंशी ओलांडलेल्या एका सिंधी आजींकडे मी २०२१ मध्ये गेले. सगळी गल्ली त्यांना अम्मा म्हणते, मीही तेच म्हणू लागले. हैदराबाद सिंधमधून निघाल्या तेव्हा त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या. त्यांनी पहिल्या भेटीत सांगितले की, ते रात्री वळिवड्याच्या स्टेशनावर उतरले, वडिलांच्या हातात कंदील होता आणि बराकीतल्या खोलीत कोनाड्यात पत्र्याचा एक छोटा डबा ठेवलेला होता. घरी येऊन ऐकले तर पंख्याच्या घरघरीने निम्मे बोलणे गिळले होते. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर ही चूक माझ्याकडून व्हायला नको होती. आठ महिन्यांनी मी पुन्हा गेले, पंखा बंद करण्याची परवानगी मागितली आणि तोच प्रसंग पुन्हा सांगायची विनंती केली. या वेळी सकाळ होती, पाऊस पडत होता, त्या मालमोटारीतून आल्या होत्या आणि खोली पूर्ण रिकामी होती. मी भीत भीत डब्याची आठवण करून दिली. अम्मांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाल्या, ‘तेव्हा होता. आज मला तो दिसत नाही.’

यातले कोणते खरे, हे ठरवण्याचा मोह मला झाला. रेल्वेच्या जुन्या नोंदी, पावसाचे महिने, मालमोटारी यांवरून कदाचित काही ताळा लावता आला असता. तसे करायचे नाही, असे मी पुष्कळ विचारांती ठरवले आणि दोन्ही कथने चित्रपटात ठेवली. पहिले पंख्याच्या घरघरीसकट आणि दुसरे स्वच्छ, मध्ये सतरा मिनिटांचे अंतर ठेवून. दरवाजा उघडण्याचा प्रसंग दुसऱ्यांदा येतो तेव्हा काही प्रेक्षकांना आपणच चुकीचे ऐकले, असे वाटते. तसे वाटावे, अशी माझी इच्छा होती. अम्मांनी त्यांच्या बोलण्यातले एक वाक्य काढून टाकायला सांगितले आणि मी ते काढले. त्या जागी पुढचा आवाज ओढून जोडला नाही. वाक्य जितके लांब होते तितकी, म्हणजे अकरा सेकंदांची शांतता, त्यांच्या खोलीतल्या शांततेसह तशीच राहू दिली.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका पोलिश बाईंशी माझी गाठ त्यांच्या नातीमुळे पडली. तेव्हाच्या पूर्व पोलंडमधल्या व्होल्हिनियातून त्या चार वर्षांच्या असताना नेल्या गेल्या आणि वळिवड्यात सात वर्षांच्या असताना पोहोचल्या. संगणकाच्या पडद्यावरून आम्ही नऊ वेळा बोललो. त्यांच्या डोळ्यांना आता फारसे दिसत नाही, त्यामुळे त्या दिसण्याविषयी कमी आणि ऐकू येण्याविषयी जास्त सांगत. बराकीतल्या दोन बिऱ्हाडांच्या मध्ये विटांची भिंत नव्हती, बांबूच्या तट्ट्यांची होती, हे मी वाचले होते. त्या भिंतीचा अर्थ मला त्यांच्याकडून कळला. शेजारची बाई प्रार्थना करते ते ऐकू येई, पलीकडच्या मुलाचा खोकला ऐकू येई, आणि सैन्यातून पत्र आले की पत्र फाडण्याचा आवाज आधी येई. मग सगळ्या बराकीत कोणी बोलत नसे. आई त्यांना रात्री कुजबुजत रागवत असे, कारण मोठ्याने बोललेले सगळ्यांचे होई. मी विचारले, ‘तुम्हाला कोल्हापूरचे काय आठवते?’ त्या म्हणाल्या, ‘तो तट्टा.’

मग मी तशी भिंत करायचे ठरवले. कोल्हापुरातील एका बुरूड कारागिरांकडे गेले आणि दहा फूट बाय आठ फुटांचे तट्टे विणून मागितले. त्यांनी कामासाठी विचारले, ‘शेण-माती लिंपायची आहे का? लिंपल्यावर आवाज दबतो.’ मला हे सुचलेच नव्हते. आम्ही एक तट्टा कोरा ठेवला आणि एक लिंपून घेतला. आजीच्या माहेरी बंद पडलेला गोठा होता, तिथे ती भिंत उभी केली. एका बाजूला ध्वनिक्षेपक ठेवून अम्मांचे, पोलिश बाईंचे आणि गावातील दोन वृद्धांचे बोलणे हळू आवाजात वाजवले आणि दुसऱ्या बाजूने ते पुन्हा मुद्रित केले. बांबूच्या फटींतून बोलण्यातली धार निघून जाते, शब्दांच्या कडा बोथट होतात, पण चढउतार मात्र विलक्षण स्पष्ट येतात. पोलिश आणि सिंधी यांतला फरक त्या भिंतीपलीकडे जवळजवळ मिटत असे आणि उरत असे ती फक्त सांगणाऱ्या बाईची लय. संगणकावर असा परिणाम काही मिनिटांत साधता येतो, हे मला माहीत आहे आणि काही मित्रांनी तसे सुचवलेही. पण गोठ्याच्या कौलांवर जूनमधला पाऊस सुरू झाला आणि ध्वनिग्राहकाने तो पाऊस, ती भिंत आणि त्या पलीकडची बाई हे तिन्ही एकत्र पकडले. ते संगणकातून मला कधीच मिळाले नसते.

चित्रांचा प्रश्न मात्र बरेच दिवस सुटेना. जुन्या बराकींपैकी अगदी थोडे अवशेष उरले आहेत, आणि तेही नव्या बांधकामाच्या कुशीत दडलेले. पडझडीची चित्रे दाखवून हळहळ निर्माण करणे मला मान्य नव्हते, कारण गांधीनगर पडझडीची जागा नाही. ती गजबजलेली बाजारपेठ आहे आणि उखडलेल्या माणसांनी शून्यातून उभी केलेली आहे. शेवटी एका व्यापाऱ्याने गोदामाची रस्त्याकडची खोली चार दिवस वापरायला दिली. आम्ही खिडकीला काळा कागद चिकटवला, फटी पट्ट्यांनी बुजवल्या आणि कागदाला रुपयाच्या नाण्याहून लहान भोक पाडले. डोळे अंधाराला सरावायला दहा-पंधरा मिनिटे लागली. मग समोरच्या पांढऱ्या भिंतीवर बाहेरचा रस्ता उमटला, उलटा, जमीन वर आणि आभाळ खाली. टेम्पो, साड्यांचे गठ्ठे वाहणारे हमाल, बस्त्यासाठी आलेल्या कुटुंबातली नवरी मुलगी, सगळे छताला पाय लावून चालत होते. रंग खरे पण फिकट होते. गोदामात काम करणारा पोरगा पहिल्यांदा आत आला, भिंतीकडे पाहत राहिला आणि दबक्या आवाजात म्हणाला, ‘आमचाच रोड हाय व्हय ह्यो?’

चित्रपटातले जवळपास सगळे दृश्य या खोलीतले आहे. प्रकाश इतका कमी होता की, कॅमेऱ्याची पडदी लांब वेळ उघडी ठेवावी लागली. त्यामुळे जे स्थिर उभे राहिले ते स्पष्ट आले आणि जे चालत गेले त्यांचा धूसर पट्टा उरला. दुपारी बारा ते दोन एवढाच वेळ चांगला मिळे. ढग आला की रस्ता विझे. चार दिवसांत मला उपयोगाची चाळीस मिनिटे मिळाली.

कराचीचा भाग जुळवताना मला सर्वांत जास्त वेळ लागला. पोलिश बाई इराणहून बोटीने कराचीला आल्या होत्या. तिथल्या तंबूंच्या छावणीत काही आठवडे राहून त्या कोल्हापूरला पोहोचल्या. अम्मा त्याच कराचीच्या बंदरातून, जानेवारी १९४८ च्या दंगलीनंतर, मुंबईच्या बोटीत चढल्या. एकीसाठी ते बंदर सुटकेचे पहिले दार होते आणि दुसरीसाठी देशाचा शेवटचा तुकडा. दोघींनी ते न विचारता वर्णन केले होते, हे मला जुळणी करताना लक्षात आले. दोघींनाही वाळू आठवते, दोघींनाही उंटगाडी आठवते, दोघींनाही आईने हात इतका घट्ट धरला होता की बोटे दुखली. हा भाग सहा मिनिटांचा आहे आणि तेवढा वेळ पडदा पूर्ण काळा आहे. आवाज तट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी येतात. कोण येते आहे आणि कोण जाते आहे, हे त्यात वर्षे घालून मी स्पष्ट केलेले नाही. एका निवड समितीने हा भाग लहान करण्याची सूचना केली, ती मी मानली नाही आणि चित्रपट तिथे दाखवला गेला नाही.

उपशीर्षकांच्या वेळी शब्दांनी अडवले. पोलिश बाई आपल्या त्या सगळ्या वर्षांना ‘तुवाच्का’ म्हणत, म्हणजे घर नसताना भटकत राहणे. अम्मांचा शब्द होता ‘लडपलाण’, म्हणजे चंबूगबाळे उचलून देश सोडणे. दोन्हींना मी आधी ‘विस्थापन’ लिहिले होते. तो शब्द बरोबर आहे, पण तो सरकारी कागदावरचा आहे. त्या दोघींपैकी कोणीही स्वतःविषयी असे बोलली नसती. वळिवड्याच्या एका आबांनी तट्ट्याजवळ बसून जे सांगितले त्यातून मला आधार मिळाला. पोलिश गाडी सुटताना ते लहान मुलगा म्हणून स्टेशनावर होते. ते म्हणाले, ‘बाया रडत हुत्या. आमास्नी वाटलं घराकडं चालल्यात, मग रडत्यात कशाला? मागनं कळलं, त्यास्नी घरच न्हवतं.’ त्यानंतर मी तुवाच्का आणि लडपलाण हे शब्द उपशीर्षकांत तसेच ठेवले आणि त्यांचा मराठी अर्थ आबांच्या या बोलण्यावर सोपवला.

पूर्ण चित्रपट सत्तेचाळीस मिनिटांचा झाला. पहिला खेळ गांधीनगरला, कापडाच्या गोदामात, न विकलेल्या पांढऱ्या ताग्यावर केला. अम्मा पुढच्या खुर्चीवर बसल्या होत्या. स्वतःचा आवाज दोनदा ऐकताना त्या किंचित पुढे झुकल्या, आणि पोलिश बाई बोलू लागल्यावर शेजारच्या सुनेला त्यांनी सिंधीत विचारले की, ही कोणत्या घरातली. दुसऱ्या खेळाला वळिवड्यातील माणसे आली. आबांना काळ्या पडद्याची सहा मिनिटे फार लांबली, असे त्यांनी मला स्पष्ट सांगितले आणि मी ते ऐकून घेतले.

इंग्लंडला मी केवळ ध्वनी पाठवला, कारण बाईंना चित्र दिसणार नव्हते. आठवड्याने त्यांच्या नातीचा निरोप आला. आजीने कर्णफोन लावून दोनदा ऐकले, पाऊस तिला फार आवडला, पण एक चूक आहे, असे ती म्हणते. शेजारच्या बाईंची खोली उजव्या हाताला होती, तुम्ही तिची प्रार्थना डावीकडून ऐकवली आहे. मी मूळ जुळणी उघडली आणि प्रार्थना उजवीकडे नेली.